ताताचा अर्धा सिकू

सातुर्निना एक दिवस उशिरा पोहोचली आणि त्या एका दिवसाने तिचा घात केला.

बाप गेल्याचा निरोप आला तेव्हा ती ब्वेनोस आयरेसच्या एका शिवणकारखान्यात शर्टांना बाह्या जोडत होती. रजा मिळेपर्यंत दोन दिवस गेले. सरहद्दीपर्यंतच्या बसने आणखी दोन खाल्ले. सरहद्द ओलांडून ती आपल्या मुलखात आली, तर पुढे रस्ताबंदी. कुठल्याशा गावाला पाण्याची लाइन हवी होती, म्हणून त्यांनी रस्त्यावर दगड रचून टायर पेटवले होते आणि बायका मध्येच सतरंज्या टाकून बटाटे सोलत बसल्या होत्या. मागणी रास्त होती. त्या गावात जन्मली असती तर सातूनेही दगड रचले असते. पण चार दिवस ती बसच्या त्याच खुर्चीत बसून त्या बायकांना मनातल्या मनात शिव्या घालत राहिली, आणि कोल्पापाताच्या फाट्यावर उतरली तेव्हा नववा दिवस उजाडला होता.

कपडे आठव्या दिवशी धुतात. सारं गाव नदीवर जमतं, मेलेल्याचे कपडे धुतं, दगडांवर वाळवतं आणि मग त्याला तिकडच्या वाटेवर लागेल ते सगळं जाळून त्याच्यामागे धाडतं. पोंचो, टोपी, वहाणा, ज्याच्यावर जीव होता ती वस्तू. काही मागे ठेवलं तर जीव त्याच्यापाशी घुटमळतो, पुढे जात नाही. ती नदीच्या बाजूनेच घरी गेली. काठावर राखेचा काळा गोल होता. तिने बुटाच्या टोकाने राख थोडी चाळवली, मग आपण काय करतोय ते कळून तिला लाज वाटली आणि ती घराकडे चालू लागली.

आई, बासिलिया, चुलीपुढे बसली होती. काळ्या शालीत ती अर्धी झाल्यासारखी दिसत होती, पण जीभ शाबूत होती.

"आलीस? बस. चेहरा बघ काय झालाय, जेवलीस तरी का वाटेत?"

"सगळं जाळलं, आई?"

"मग? तुझी वाट बघत त्याला थंडीत उघडा ठेवायचा होता?"

"सिकू पण?"

बासिलियाने चुलीत काटकी सारली. "सिकू पण."

एवढा वेळ सातू रडली नव्हती. बसमध्ये नाही, नदीवर नाही. आता मात्र ती आईसमोर जमिनीवर बसली आणि लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडली. तिला बापाचं बाकी काही नको होतं. फक्त तो सिकू हवा होता.

सिकू म्हणजे बोरूच्या नळ्यांची एक ओळ, सुतळीने बांधलेली, ओठांशी धरून फुंकायची. पण एका माणसाच्या हातातला सिकू अर्धाच असतो. एका ओळीत अर्धे सूर, दुसऱ्या माणसाच्या ओळीत उरलेले अर्धे. इरा नावाचा अर्धा पुढे जातो, आर्का नावाचा मागून येतो. एक सूर याचा, पुढचा त्याचा, आणि दोघं समोरासमोर उभे राहून फुंकतात तेव्हा कुठे एक धून होते. सातूचा बाप फोर्तुनातो आर्का वाजवायचा. त्याचा इरा होता शेजारच्या टेकाडावरचा इलारियोन. अठराव्या वर्षी दोघांची जोडी जमली ती पुढची सेहेचाळीस वर्षं टिकली. बासिलिया म्हणायची, माझं लग्न नंतरचं, आधी याचं इलारियोनशी लागलंय.

आणि एक धून होती जी फक्त सातूची होती.

अकरा वर्षांपूर्वी ती परदेशी जायला निघाली तेव्हा बापाने काही उपदेश केला नाही, की जाऊ नको म्हटलं नाही. फाट्यावर बस आली, सातू खिडकीशी बसली, आणि पाहते तर रस्त्याच्या कडेला बाप आणि इलारियोनकाका समोरासमोर उभे राहून वाजवतायत. नवीच धून होती. बापाने तिच्यासाठी बांधलेली. बसमधले लोक माना वळवून पाहू लागले, कुणीतरी हसलं. सातू एकोणीस वर्षांची होती, अंगात शहरात घालायला म्हणून आणलेलं नवं जाकीट होतं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने खिडकी लावून घेतली. बस वळणाशी गेली तेव्हा तिला दोघे दिसत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं.

त्यानंतर बापाने ती धून कधी सणालाही वाजवली नाही. ती सातूची आहे, म्हणायचा. एकदा फोनवर म्हणाला होता, "इलारियोन इथेच बसलाय गं, वाजवू का?" सातूच्या मशिनीपुढे ढीग पडला होता. ती म्हणाली, "रविवारी, ताता." तो रविवार आलाच नाही. आता तो सिकू राख झाला होता आणि धून जेमतेम तिच्या कानाच्या कोपऱ्यात, तीही काचेपलीकडची.

तीन दिवस तिने आईला मदत केली. मेंढ्या सोडल्या, लोक येत त्यांना सूप वाढलं, येईल त्याच्याकडून बाप किती चांगला होता ते ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी सुपासाठी चुन्यो काढायला ती कोठारात गेली. चुन्यो म्हणजे थंडीत गोठवून, पायांनी तुडवून वाळवलेले बटाटे. गोट्यांसारखे टणक, कीड लागली नाही तर दहा वर्षं पोत्यात टिकतात. वरचे किडके निघाले, म्हणून तिने खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना बोरू लागला.

तिला आधी उंदराने ओढून नेलेलं काहीतरी वाटलं. मग हाताला सुतळी लागली. तिने पोतं पालथं केलं. चुन्यो चहूकडे गडगडत गेले आणि त्यांच्यामध्ये बापाचा आर्का पडला. सात नळ्या. तिसऱ्या नळीला तडा गेलेला, त्यावर त्याने काळा दोरा गुंडाळलेला. वरच्या कडा त्याच्या ओठांनी झिजून गुळगुळीत झालेल्या.

बासिलिया दारात उभी होती.

"मोठी शहाणी तू," ती म्हणाली. "वरचे किडके दिसले तर दुसरं पोतं उघडायचं नाही का?"

"तू तर म्हणालीस जाळला!"

"पिशवी जाळली." बासिलिया तिथेच उंबऱ्यावर बसली. "सिकूची पिशवी. आत किनव्याच्या ताटांच्या काड्या भरल्या, बरोब्बर एवढ्याच लांबीच्या. सगळ्या गावादेखत टाकली. कुणाला काही कळलं नाही. नाहीतरी नवऱ्याच्या मागे बाई रडत असते तेव्हा तिच्या हाताकडे कोण बघतंय?"

"का पण?"

"का म्हणजे काय भवाने! त्याचं तोंड लागलंय त्याला." ती शालीच्या टोकाने नाक पुसू लागली. "रोज पोत्यात हात घालून बघते, आहे का म्हणून. मला ठाऊक आहे हे पाप आहे. त्याला पुढे चालू देत नाहीये मी. पण नाही झालं माझ्याच्याने."

सातूने आईला मिठी मारली आणि दोघी चुन्योच्या पसाऱ्यात बसून रडल्या. पण खरं सांगायचं तर सातू त्या घटकेला आनंदात होती. बापाची एक वस्तू हाताशी आली होती, इलारियोनकाका जिवंत होता, आणि त्याच्याकडे इरा होता. काका गावातल्या कुणालाही आर्का धरायला लावेल, एकदा वाजवेल, आणि ती या वेळी सगळी धून ऐकेल. तिने सिकू पाठीवरच्या कापडात बांधला आणि ती टेकाडाकडे जवळजवळ पळतच सुटली.

इलारियोन घराच्या भिंतीला टेकून उन्हात बसला होता. तरुणपणी सहा वर्षं खाणीत काढली होती त्याने, ती छातीत राहून गेली होती. दोन वाक्यांनंतर थांबून तो श्वास गोळा करायचा.

"ये, बाय माझी. काल बोललीस नाही नीट. कोकाची पानं घे, चघळ. बापावर गेलीस बघ, चालताना खाली बघतेस."

"काका, डोळे मीट आणि हात पुढे कर."

"या वयात पोरखेळ करायला लावतेस होय," म्हणत त्याने डोळे मिटले, हात पुढे केले. तिने सिकू त्याच्या हातांवर ठेवला.

डोळे उघडायच्या आधीच त्याला कळलं. अंगठा सरळ तिसऱ्या नळीच्या दोऱ्यावर गेला. सातू हसत त्याच्याकडे पाहत होती आणि पाहता पाहता तिचं हसू मावळलं, कारण म्हाताऱ्याचा चेहरा रंग उडाल्यासारखा झाला होता.

"हा जळाला," तो म्हणाला. "मी बघितला ना."

तिने पिशवीची गोष्ट सांगितली, किनव्याच्या काड्यांची. तो ऐकत होता. मग त्याने सिकू मांडीवर ठेवला आणि कितीतरी वेळ नुसता पाठ थोपटावी तसा त्याच्यावर हात फिरवत राहिला.

"तुझा इरा आण ना, काका. माझी धून वाजव एकदा."

"नाही माझ्याकडे."

"म्हणजे?"

"टाकला मीही," इलारियोन म्हणाला. "त्याची पिशवी आगीत पडली आणि मी माझा काढला, तिच्यावर ठेवला. म्हटलं, एकटा आर्का घेऊन तिकडे करणार काय हा? कुणाच्या मागून जाणार? पुढचा सूर द्यायला कुणी नको? म्हटलं माझा तरी घेऊन जा. कुणीतरी मिळेल तिकडे, फुंकेल." त्याला खोकला आला. "म्हणजे आता माझा इरा त्याच्याकडे. आणि त्याचा स्वतःचा इथे. वा रे बासिलिया! आम्हा दोघांनाही चांगलं बनवलंस."

तो हसला, खरोखर हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आई चुकली नव्हती, काकाही चुकला नव्हता. दोघांनी मायेपोटीच केलं होतं, आणि तिच्या बापाच्या हाती तिकडे दुसऱ्याचा अर्धा सिकू आला होता, ज्यातला एकही सूर त्याने कधी वाजवला नव्हता.

"गावात दुसरा इरा असेल कुणाकडे," ती म्हणाली.

"असतील पंधरा. पण आमची जोडी एका बोरूतून कापलेली. दुसरा जुळत नाही याला, कानाला टोचतो. आणि सूर कुणाला ठाऊक आहेत? धून आम्ही दोघांनीच वाजवली, तीही एकदा. तू खिडकी लावलीस त्या दिवशी."

हे तो दुखवायला बोलला नाही. पण बोलला, आणि सातूने मान खाली घातली.

"बघितलं होतं त्याने?" तिने विचारलं.

"आम्ही दोघंही बघत होतो की. मी म्हटलं, थांबू या का? तर म्हणाला, वाजव रे, धूळ फार आहे, म्हणून लावली असेल तिने."

त्या वाक्याने ती मोडली. ओणवी होऊन, कपाळ गुडघ्यांना टेकवून ती हुंदके देत राहिली, आणि इलारियोनने तिला रडू दिलं. मग तिच्या खांद्याला सिकूचं टोक लावलं.

"ऊठ. धर हा. बायका सिकू वाजवत नाहीत आपल्यात, पण तो काही आता ओरडायला येत नाही. तू त्याचे सूर फुंक. माझे मी तोंडाने म्हणतो."

सगळी दुपार गेली त्यात. आधी नुसती हवाच निघायची. मग सूर निघाला तर भलत्या नळीतून. "अगं, मेंढी आजारी पडलीये का?" इलारियोन म्हणायचा. "चौथी, चौथी! आणि घाई करू नको. मी म्हणेपर्यंत थांबायचं. आर्काचं अर्धं काम थांबण्याचं असतं, तुझा बाप त्यातच पटाईत होता." त्याने जमिनीवर पाय आपटून ठेका धरला. तो एक सूर म्हणायचा, ती पुढचा फुंकायची. सतरा वेळा मोडली धून. अठराव्या वेळी, ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तेव्हा, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेली. फाटक्या आवाजाची, मध्येच खोकल्याने अडलेली, पण अख्खी. सातूने आपली धून ऐकली. अकरा वर्षं आणि बारा दिवस उशिरा.

मेंढ्या आपसूक घराकडे आल्या.

"मी उद्या नदीवर जाते," सातू शेवटी म्हणाली. हे म्हणताना सिकू तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. "जाळते हा. त्याला पोचायला हवा."

"आणि मग तुझ्याकडे काय राहणार?"

तिने तिसऱ्या नळीवरच्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

"ऐक," इलारियोन म्हणाला. "मी काही फार दिवस नाही. तोंड वाकडं करू नको, मला माझी छाती ठाऊक आहे. मी जाईन तेव्हा माझ्या कपड्यांबरोबर हा टाक. मी नेतो त्याला. हातात देतो. माझा इरा त्याच्याकडे आहेच, तो मला देईल, की झाली जोडी. तोवर ठेव तुझ्याकडे. तोवर त्याला सांग, जरा वाट बघ म्हणावं. वाट बघायची सवय आहे त्याला."

असं ठरलं. बासिलियाने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आता त्या खोकल्याच्या डबड्याला दीर्घायुष्य मागायचं मी? सेहेचाळीस वर्षं नवरा पळवला माझा!" पण दुसऱ्या दिवसापासून ती रोज टेकाडावर सुपाचं भांडं पोचवू लागली.

सातू सिकू घेऊन परत गेली. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिथे आठ बायका खाटांवर झोपत, ती रविवारी खिडकीशी बसून बापाचे सूर फुंकायची आणि मधल्या जागा सोडायची. एक सूर, मग थांबणं, मग दोन सूर, मग थांबणं. "सातूची गाडी कायम स्टेशनातच," बायका म्हणायच्या. "पुढचं येत नाही का गं?" ती म्हणायची, येत नाही. तिला त्या मोकळ्या जागांत इलारियोनकाकाचा फाटका आवाज ऐकू यायचा, आणि त्याच्यानंतर सूर दिला की बापाच्या ओठांनी झिजलेली कड तिच्या ओठांना लागायची. रोज आईला फोन करायची आणि आधी बापाच्या जोडीदाराची चौकशी करायची. कधी इलारियोन स्वतः फोन घ्यायचा. "नाही मेलो अजून. वाजव खुशाल."

चौदा महिने त्याने असे काढून दिले. पंधराव्या महिन्यात एका मंगळवारी फोन वाजला आणि आई नुसती श्वास घेत राहिली, तेव्हा सातूला कळलं.

या वेळी तिने रजा मागितली नाही. कात्री मशिनीवर ठेवली, सिकू घेतला आणि निघाली. रस्ताबंदी याही वेळी होती, दुसऱ्या कुठल्या गावाची, दुसऱ्या कशासाठी. ती बसमधून उतरली, दगडांवरून चढून पलीकडे गेली आणि तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालली, मग दुसऱ्या बाजूला ट्रक मिळाला. आठव्या दिवशी सकाळी ती नदीवर पोहोचली तेव्हा इलारियोनचा पोंचो दगडावर वाळत पडला होता आणि आग अजून पेटवायची होती.

बासिलियाने नवी पिशवी विणली होती, लाल-काळी. सातूने सिकू तिच्यात सरकवला.

"दाखव," आई म्हणाली.

"काड्या नाहीत, आई."

"तरी दाखव. पोरगी माझीच आहेस तू."

सातूने पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. बासिलियाने आत बोट घालून तिसऱ्या नळीवरचा दोरा चाचपला, आणि मान वळवली.

आग चांगली पेटल्यावर सातूने सिकू पुन्हा बाहेर काढला. सगळ्या गावादेखत तिने बापाचे सूर वाजवले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधल्या जागा सोडत. प्रत्येक जागी ती थांबली. माणसं उभी होती, त्यांतले निम्मे इरा वाजवणारे होते, पण कुणी ती जागा भरली नाही. मग तिने सिकू पिशवीत घातला, पिशवी इलारियोनच्या पोंचोत गुंडाळली आणि आगीवर ठेवली. हात सोडायला तिला फार जड गेलं. बोरू चटचट फुटला. तो आवाज ऐकवत नव्हता, तरी ती शेवटपर्यंत तिथेच उभी राहिली.

तीन दिवसांनी ती परत निघाली. तिच्याकडे आता बापाचं काहीही नव्हतं. बस फाट्यावर आली, ती खिडकीशी बसली. रस्त्याच्या कडेला आई एकटीच उभी होती, शाल घट्ट धरून. बस सुटली तशी सातूने खिडकी पूर्ण उघडली. थंडगार वारा आणि धुळीचा लोट आत आला, कुणाचं तरी पोर रडायला लागलं.

"ओ बाई, लावा की ती खिडकी!" मागून कुणी ओरडलं. "काय दिसतंय बाहेर? काय वाजतंय तिथे?"

वळण येईपर्यंत तिने खिडकी लावली नाही.